काकांचा क्लच

मागच्या महिन्यात एका रविवारी बाबांनी गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवली आणि म्हणाले, "आता तूच चालवत जा. माझा पाय आता पूर्वीसारखा राहिला नाही."

बाबांचं वय बहात्तर. पद्मिनीच्या जमान्यापासून गाडी चालवताहेत. माझ्या लहानपणी आंबा घाटातून, भर पावसात, एक वायपर बंद असताना त्यांनी आम्हाला रत्नागिरीला नेलंय. तो माणूस सर्व्हिस सेंटरमधल्या पंचविशीतल्या एका मुलाच्या एका वाक्यामुळे किल्ली ठेवतो, याचा मला भयंकर राग आला. आज तो राग काढणार आहे. ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनीही वाचावं, कारण हा विषय फक्त गाडीचा नाही.

तर झालं असं. आमची गाडी २०१४ ची, पेट्रोलवर चालणारी, छोटी. चोपन्न हजार किलोमीटर झालेली. तक्रार काहीही नव्हती. नेहमीच्या सर्व्हिसिंगला दिली तर तिथून फोन आला, "सर, थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, कार्बन असतो, मायलेज वाढेल." ११०० रुपये. मी म्हटलं करा. 'साफ' या शब्दाला आपण मराठी माणसं नाही म्हणत नाही.

गाडी घरी आली ती घोरतच. एरवी उभ्या गाडीत काटा आठशेच्या आसपास असायचा. आता तो पंधराशेला जायचा, तिथून पाचशेला पडायचा, पुन्हा वर. झोपाळ्यासारखा. "दोन दिवसांत सेट होईल," असं सांगण्यात आलं. तिसऱ्या दिवशी आई-बाबा साताऱ्याहून परत येत होते. नवले पुलाच्या उतारावर पुढची वाहनं थांबली, बाबांनी क्लच दाबला, ब्रेकवर पाय ठेवला, आणि इंजिन बंद! मागे ट्रक. इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं, आणि ब्रेकही एक-दोन वेळा नीट लागून मग दगड होतो. बाबांनी पहिल्याच दाबात गाडी थांबवली म्हणून मी आज हे लिहितोय. पुण्यातल्यांना तो उतार काय चीज आहे ते सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी गाडी परत नेली. तिथे निदान झालं ते असं: "काकांचा क्लच सुटत असेल. या वयात होतं." आणि पुढे, "तरी खात्री हवी असेल तर थ्रॉटल बॉडी नवीन टाकू. सोळा हजार."

आता जरा शांतपणे विचार करा. इंजिन बंद पडलं तेव्हा बाबांचा पाय क्लचवर होता, पूर्ण दाबलेला. क्लच 'सुटून' गाडी बंद पडायची तर तो आधी सुटावा लागतो. आई शेजारी बसली होती, तिने पाहिलं होतं. पण तिला कोणी विचारलंच नाही. बाबांनाही विचारलं नाही. जे बोलले ते माझ्याशी, आणि बाबा शेजारच्या खुर्चीत बसून ऐकत होते.

गाडी मी तिथून उचलली आणि धायरीतल्या एका छोट्या गॅरेजमध्ये नेली. पत्र्याची शेड, दोन पोरं, एक म्हातारं कुत्रं. त्या मालकाने बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "याच्या आधी गाडीला हात कुणी आणि कशाला लावला होता?"

मंडळी, सगळी विद्या या एका प्रश्नात आहे. काल चालत होती, आज चालत नाही, तर मधे काय केलं? हा प्रश्न ज्यांनी स्वतः काम केलं होतं त्यांना सुचला नाही. किंवा सुचला, पण विचारणं सोयीचं नव्हतं.

त्याने स्कॅनर लावला. आपल्याकडे २०१३ पासूनच्या नव्या मोटारींना ओबीडी-२ आहे, म्हणजे गाडी आपलं दुखणं स्वतः सांगते. डॅशबोर्डवर दिवा लागलेला नव्हता, पण आत एक कोड वाट पाहत बसला होता: पी०५०७. अर्थ, आयडलिंग हवं त्यापेक्षा जास्त. क्लचबद्दल गाडीचं काही म्हणणं नव्हतं. मग त्याने हात घालून थ्रॉटलच्या मागची बोटाएवढी रबरी नळी हलवली. ती जागेवर अर्धीच बसवली होती. तिथून फुकटची हवा आत जात होती. पेडलवर पाय नाही आणि तरी आरपीएम जास्त, असं दिसलं की कॉम्प्युटर पेट्रोल तोडतो. मग काटा पडतो. पडला की तो पुन्हा पेट्रोल देतो. तोच आमचा झोपाळा. आणि काटा खाली असतानाच एसीचा कॉम्प्रेसर लागला की इंजिन बसतं.

नळी बसवली. अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं त्याने असं समजावलं. थ्रॉटलची झडप बंद असताना तिच्या कडेने थोडी हवा जाते, तिच्यावर इंजिन रेंगाळतं. वर्षानुवर्षं तिथे काळा थर साचतो, वाट अरुंद होते. गाडीचा कॉम्प्युटर हे शिकत जातो आणि झडप केसभर जास्त उघडी ठेवतो. तुम्ही एका दुपारी तो थर धुतलात, पण कॉम्प्युटरला सांगितलंच नाही. तो जुन्या हिशोबानेच झडप उघडतो, आणि हवा जास्त जाते. बॅटरी काढली असेल तर शिकलेलंही पुसलं जातं. म्हणून साफसफाईनंतर त्याला पुन्हा शिकवावं लागतं. आमच्या गाडीत ते असं झालं: इंजिन गरम, दिवे-पंखा-एसी सगळं बंद, पेडलला हात-पाय न लावता दहा मिनिटं नुसतं चालू ठेवायचं, मग एसी लावून पाच मिनिटं. प्रत्येक गाडीची रीत वेगळी, काहींना स्कॅनरमधूनच आज्ञा द्यावी लागते.

नळीसाठी एक मिनिट, शिकवणीसाठी पंधरा. त्याने तीनशे रुपये घेतले.

माझा आक्षेप साफ करण्याला नाही. कार्बन खरोखर साचतो, आणि त्याने गाडी खरोखर बंद पडत असेल तर धुणं हाच उपाय. माझा पहिला आक्षेप, तक्रार नसताना धुण्याला. दुसरा, अर्धं काम करून पूर्ण बिल लावण्याला. तिसरा, आपल्या अर्ध्या कामाचं लक्षण दिसलं की त्यावर नवा पार्ट विकण्याला. नवी थ्रॉटल बॉडी बसवली असती तर तीही त्याच अर्ध्या नळीशेजारी बसली असती आणि तश्शीच घोरली असती. मग काय, कॉम्प्युटर बदलला असता?

कुणी म्हणेल, त्या पोरांवर दिवसाला इतक्या गाड्यांचं ओझं असतं, टार्गेट असतं. मान्य. गाडी उभी करून पंधरा मिनिटं नुसतं बघत राहणं हे बिलात लिहिता येत नाही, पार्ट लिहिता येतो. पण मग ते ओझं ज्याने लादलं त्याच्याशी भांडा. बहात्तर वर्षांच्या माणसाच्या पायावर ढकलू नका. यंत्राचं कारण सापडलं नाही की माणसाचं वय सापडतं. हे डॉक्टरकडे होतं, बँकेच्या काउंटरवर होतं, आता गाडीतही.

आणि थोडा दोष माझाही. "तक्रार नाही, तर कशाला?" एवढं मी फोनवर विचारलं नाही. यापुढे विचारणार. तुम्हीही विचारा: का करताय, नंतर आयडलिंग पुन्हा शिकवणार का, आणि कोड कुठला आला तो कागदावर लिहून द्या.

घरी येऊन हे सगळं बाबांना सांगितलं. ते पद्मिनीचा कार्बोरेटर स्वतः उघडून पेट्रोलने धुवायचे. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे धुतल्यावर स्क्रू लावायचा राहिला."

बरोब्बर. कार्बोरेटर धुतला की आयडलिंगचा स्क्रू कानाने ऐकत पुन्हा लावायचा, हे या माणसाला चाळीस वर्षांपूर्वी माहीत होतं. स्क्रू आता कॉम्प्युटरच्या आत गेलाय, एवढंच.

परवा बाबा एकटे खडकवासल्यापर्यंत जाऊन आले. गाडी एकदाही बंद पडली नाही. पण किल्ली अजून फ्रिजवरच असते, आणि घेण्याआधी ते मला विचारतात, "घेऊ का रे?" पूर्वी विचारत नव्हते. हे कुठल्या स्कॅनरने शोधायचं आणि कुठे जाऊन दुरुस्त करायचं?

असो.