टर्बोला इथेनॉल मानवतं, मग आपल्या साध्या गाडीला का नाही?

ई-२० पेट्रोलवरून सध्या दोनच बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, इंजिनाची वाट लागली. दुसरा म्हणतो, देशहित आहे, गप्प बसा. मधलं खरं ट्यूनिंगवाल्या पोरांना चांगलं ठाऊक आहे, त्यांना विचारा.

टर्बो गाडीचा ईसीयू रिमॅप करणाऱ्याला इथेनॉल आवडतं. आपल्या जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात. टर्बो हवा दाबतो म्हणजे गरम करतो, अन् इथे बाहेरचीच हवा भट्टीची. मग इंजिन नॉक करायला लागतं आणि ते वाचवायला ईसीयू आपणहून ताकद कमी करतो. इथेनॉलचा ऑक्टेन १०० च्या वर. शिवाय त्याची वाफ होताना ते आतली उष्णता ओढून घेतं. म्हणून बूस्ट वाढवता येतो, स्पार्क लवकर देता येतो. परदेशात ई-८५ वर गाड्या पळवतात ते याचसाठी.

पण ते फुकट नाही राव. १ किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. ई-८५ ला तर जवळपास तिसरा हिस्सा जास्त. त्यासाठी मोठे इंजेक्टर, मोठा पंप, इथेनॉलचा टक्का मोजणारा सेन्सर. (वॉरंटी गेली, आरटीओने धरलं तर ते वेगळंच.)

म्हणजे फायदा कोणाला? टाकीत किती टक्के आहे हे ज्याला माहीत आहे आणि ज्याने इंजिन त्यासाठी बसवून घेतलंय, त्याला. पारोळ्याहून धुळ्याला रोज ये-जा करणाऱ्याची २०१५ ची साधी गाडी तो वाढीव ऑक्टेन वापरूच शकत नाही. तिच्या वाट्याला फक्त तोटा, कारण इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच.

हे माझं म्हणणं नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट लिहिली आहे. २००० चं पेट्रोल टाकलं तर १२०-१४० रुपये गेले. त्याच अहवालात ई-२० स्वस्त द्या आणि जुन्या गाड्यांसाठी ई-१० चालू ठेवा, असंही होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने खुलासा केला की इथेनॉलच आता लिटरला ७१.३२ रुपयांना पडतं, महाग झालंय. ठीक, पण तो भार गाडीवाल्याने एकट्याने का उचलायचा? ब्राझीलमध्ये २००३ पासून फ्लेक्स गाड्या आहेत. तिथला माणूस पंपावर दोन्ही भाव बघतो, इथेनॉल पेट्रोलच्या ७० टक्क्यांपेक्षा स्वस्त असेल तरच भरतो.

लगेच कोणी म्हणेल, भाऊ, मग आपल्या मकावाल्याचं काय? त्याला मिळालं तर मीच आधी टाळ्या वाजवीन. २०२५-२६ चा मक्याचा हमीभाव २४०० रुपये क्विंटल. बाजार समितीत प्रत्यक्षात काय हातात पडलं, ते तुमच्या गावातल्या मका विकलेल्या माणसाला विचारा आणि खाली कमेंटमध्ये लिहा.

मागणी साधी आहे. पंपावर इथेनॉलचा टक्का ठळक लिहा. ई-१० चं एक तरी नोझल ठेवा. ते जमत नसेल तर ई-२० त्या ६ टक्क्यांनी स्वस्त द्या.