टाकीचा तळ

मे महिन्याची सुट्टी लागली की मुलांचा मासे पाळायचा हट्ट सुरू होतो. हल्ली नुसते मासे पुरत नाहीत, टाकीत खऱ्या वनस्पतीही हव्या असतात, कारण मोबाईलवर कुणाची तरी हिरवीगार टाकी बघितलेली असते. मग अब्बा दुकानात जातात. काच, दिवा, फिल्टर, चार रोपं आणि तळाला घालायला निळ्या-लाल खड्यांची पिशवी घेऊन येतात. पंधरा दिवसांत पानं पिवळी पडतात, महिन्याभरात कुजतात. आपल्या घरात हे जमायचं नाही, असं एकदा ठरलं की टाकी माळ्यावर जाते आणि मूल गप्प बसतं.

बहुतेक वेळा यात मुलाचा दोष नसतो. तळाचा असतो. दिवा नंतर बदलता येतो, फिल्टर बदलता येतो. तळ बदलायचा तर मासे, पाणी, रोपं सगळं बाहेर काढून पहिल्यापासून मांडावं लागतं. म्हणून सुरुवातीचे दिवस तिथे घालवावेत. पैसे घालवायचं कारण नाही. शहरातल्या दुकानांत या कामासाठी खास भाजलेल्या मातीचे दाणे मिळतात. जपानच्या ताकाशी अमानो यांनी 1982 मध्ये काढलेल्या कंपनीने ते जगभर नेले. माल चांगला आहे, पण एका टाकीला हजारांत खर्च येतो आणि दोन-तीन वर्षांत दाण्यांचा चिखल होऊ लागतो. नांदगावसारख्या गावात राहणाऱ्याला त्याची गरज नाही. काय उचलायचं आणि काय नाही, एवढं कळलं की झालं.

आधी काय उचलायचं नाही ते सांगते. नांदगाव तिठ्यावरून देवगडचा रस्ता धरला की तासाभरात समुद्र लागतो, त्यामुळे मुलांना पहिली आठवण येते ती किनाऱ्यावरच्या वाळूची. ती नको. मीठ धुऊन जाईल, पण तिच्यातला शिंपल्यांचा चुरा जाणार नाही. शिंपला म्हणजे चुन्याचाच प्रकार. तो हळूहळू विरघळतो, पाणी जड होतं, अल्कधर्मी होतं, आणि आपल्याकडच्या मऊ पाण्यात वाढणाऱ्या बऱ्याच वनस्पतींना ते मानवत नाही. आठवीच्या वर्गात मी हा प्रयोग दरवर्षी करून घेते: कोरडी वाळू बशीत घ्यायची आणि तिच्यावर स्वयंपाकघरातला सिरका ओतायचा. फसफसली तर चुना आहे. नाही फसफसली तर वापरायला हरकत नाही. मुलांना हा आवाज इतका आवडतो की पुढचे चार दिवस घरातली सिरक्याची बाटली जपून ठेवावी लागते.

नदीची वाळू चालते, पण त्यासाठी नदीवर जायचं नाही. शेजारी कुणाचं घर बांधून झालेलं असेल तर कोपऱ्यात घमेलंभर उरलेली असतेच. ती दोन चाळण्यांतून काढावी. हवा तो दाणा 1 ते 3 मिलिमीटरचा. त्याहून बारीक वाळू दाबून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. फार जाड खडे घेतले तर माशांचं उरलेलं खाणं फटींत पडून तिथेच सडतं. क्रशरची कच हल्ली सगळीकडे मिळते, पण तिच्या कडा धारदार असतात. तळाशी मिश्या घासत फिरणाऱ्या माशांना त्या टोचतात.

वाळूने मुळं धरून ठेवली जातात, पोट भरत नाही. पोटासाठी माती हवी. आपल्या भाताच्या कुणग्यात पावसाळ्याचे तीन-चार महिने रोप पाण्यात उभं राहून कसं वाढतं ते आठवा. टाकीच्या तळाला नेमकं तेच हवं असतं. अमेरिकेच्या डायाना वॉलस्टॅड यांनी 1999 मध्ये यावर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की खाली साधी माती आणि वर खडीचा थर दिला तर वनस्पती महागड्या सामानाशिवाय वाढतात, आणि पाण्यातली घाणही त्याच शोषून घेतात. आपल्या शेतकऱ्याला यात काही नवल वाटणार नाही.

माती कापणी होऊन गेलेल्या कुणग्यातली घ्यावी. ज्यात हल्ली युरिया किंवा तणनाशक पडलंय ती नको, आणि शेणखत घातलेली तर मुळीच नको. शेणखत पाण्याखाली गेलं की अमोनिया सुटतो आणि माशांचे गलफडे जळतात. बांधावरची, झाडाखालची माती त्यापेक्षा बरी.

आता आपला जांभा. फ्रान्सिस बुकानन या इंग्रजांच्या चाकरीतल्या डॉक्टरने मलबारात हा दगड पाहिला आणि 1807 मध्ये त्याबद्दल लिहिलं. खाणीत मऊ, कापून हवेत ठेवला की कठीण, आणि लोक त्याची घरं बांधतात. म्हणून विटेसाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याने नाव दिलं लॅटेराइट. हजारो पावसाळ्यांत यातला चुना, पोटॅश सगळं धुऊन गेलं आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियम उरलं. लाल रंग त्या लोहाचाच. नुसत्या जांभ्यावर काही पिकत नाही हे आपल्या सड्यावर उभं राहिलं की दिसतं, पण लोह मात्र पाण्यातल्या रोपांना हवंच असतं. ते कमी पडलं की कोवळी पानं पांढुरकी निघतात. थराच्या खोल भागात प्राणवायू कमी असतो. तिथे हा गंज विरघळण्याजोगा होतो आणि मुळं तो उचलतात. जर्मनीत 1980च्या दशकात हौशी लोक टाकीच्या तळात जांभ्याची माती मिसळत, आणि ती पुड्यांत विकली जाई. आपल्याकडे चिरेखाणीवर भुग्याचे ढीग पडलेले असतात. यंत्राचं तेल न लागलेला भुगा बघून घ्यायचा, दहा वाट्या मातीला एक वाटी. जास्त नको, आणि वरच्या थरात तर अजिबात नको. पाणी विटकरी होतं आणि आठवडाभर निवळत नाही.

मातीची तयारी हे खरं काम, आणि ते उन्हाचं आहे. माती चाळून काड्या-मुळं काढायची, टबात पाणी घालून दोन दिवस भिजवायची, तरंगणारं सगळं ओतून द्यायचं, मग गच्चीवर पसरून कडक वाळवायची. असं तीन-चार वेळा. प्रत्येक फेरीत मातीतलं कच्चं सेंद्रिय द्रव्य कुजून निघतं, नाहीतर ते टाकीत कुजतं. मृग लागला की माती वाळणार नाही, त्यामुळे हे मे महिन्यातच उरकावं. गच्चीवर आधी पापड-कुरडया वाळत असतात, तेव्हा जागेचं अम्मीशी आधी बोलून ठेवलेलं बरं.

हिशोब सोपा आहे. टाकी 60 सेंटिमीटर लांब आणि 30 रुंद असेल तर 1 सेंटिमीटर थराला 1.8 लिटर माल लागतो. मातीचा थर 3 सेंटिमीटर, म्हणजे साडेपाच लिटर. त्यावर वाळू 4 सेंटिमीटर, म्हणजे सव्वासात लिटर, वजनाने 11 किलोच्या आसपास. वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवावी. मातीचं चाळणं झाल्यावर ती किंचित ओलसर करून पसरावी, कडेच्या काचेपासून दोन बोटं आत ठेवली तर समोरून चिखल दिसत नाही. तळ मागे थोडा उंच ठेवावा. मग वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर बारीक धारेने पाणी सोडायचं. बादली उपडी केली तर सगळी मेहनत ढवळून निघते.

रोपं त्याच दिवशी लावावीत, मासे मात्र नकोत. नवीन मातीतून सुटणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये, मग नायट्रेटमध्ये बदलणारे जीवाणू तळात वसायला चार ते सहा आठवडे लागतात. नायट्रेट रोपं खातात. मुलं पहिल्याच आठवड्यात मासे मागतील, आणि दुकानदार चार दिवसांनी घ्या म्हणेल. त्याला विकायचे आहेत. आपण दर दोन-तीन दिवसांनी तिसरा हिस्सा पाणी बदलत राहायचं, आणि विणकामाची सुई आठवड्यातून एकदा तळात खुपसायची. साधे बुडबुडे आले तर ठीक. कुजक्या अंड्यासारखा वास आला आणि वाळूखाली काळे पट्टे दिसले तर थर फार दाबला गेलाय. तिथे सुई रोज फिरवावी आणि मुळं पसरणारं एखादं रोप लावावं. लांब पात्यांच्या व्हॅलिसनेरियाची मुळं हे काम चांगलं करतात.

एक गोष्ट राहिली. आपल्याकडच्या विहिरीच्या पाण्यात साबणाला भरपूर फेस येतो, म्हणजे पाणी मऊ. कधी कधी इतकं मऊ की टाकीतल्या गोगलगाईंच्या शंखांना खळगे पडतात. तसं दिसलं तर शिंपल्यांचा एक चमचा चुरा जाळीच्या पुरचुंडीत बांधून फिल्टरजवळ सोडावा. तळात मिसळू नये. पुरचुंडी कधीही काढून घेता येते.