गारद्यांच्या नऊ पलटणी

आमच्या गल्लीच्या टोकाला मुलं दर दिवाळीला मातीचा किल्ला करतात. माझा धाकटा सातवीत आहे. विटा वाहायला, चिखल कालवायला तो पहिल्या दिवसापासून हजर असतो. गेल्या दिवाळीत मात्र एका संध्याकाळी तो लवकर घरी आला, हात धुतले आणि कोपऱ्यात बसून राहिला. कुंभार वेशीतून मावळे आणले होते, लढाई मांडायची होती आणि एक मित्र सहज बोलून गेला होता, "तू तिकडचा हो."

"अम्मी, हर बार मैंच दुश्मन कायकू?"

वीस वर्षं मुलांना शिकवते आहे. अशा प्रश्नावर भाषण दिलं की मूल मान हलवतं आणि मनातलं मनातच ठेवतं, हे मला ठाऊक आहे. मित्राच्या घरी तक्रार घेऊन जाणंही बरं वाटलं नाही. तो रोज आमच्याकडे येणारा, शिरखुर्मा मागून खाणारा मुलगा. मी त्याला पानिपतची हकिकत सांगितली.

१४ जानेवारी १७६१. सदाशिवराव भाऊंच्या फौजेत तोफा आणि कवायती पायदळ इब्राहिमखान गारदीच्या हाताखाली होतं. हा आधी निजामाकडे होता, फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेला. काशीराज पंडित त्या दिवशी समोरच्या छावणीत हजर होता. त्याने फारसीत लिहिलेल्या वृत्तांतात इब्राहिमखानाच्या नऊ पलटणींचा उल्लेख आहे. दोन पलटणी त्याने बगलेवर येणाऱ्या शत्रूकडे वळवल्या आणि उरलेल्या सात घेऊन, संगिनी रोखून, रोहिल्यांवर चालून गेला. रोहिल्यांचं भयंकर नुकसान झालं, पण सहा पलटणी जवळजवळ संपल्या. खान जखमी होऊन सापडला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला.

मुलाने विचारलं, "मग किल्ल्यावर त्याचे सैनिक का नसतात?" मी म्हटलं, "बाजारात मिळत नाहीत. आपण करू."

लहान सैनिक रंगवून टेबलावर लढाई खेळायचा छंद जगात जुना आहे. प्रशियाच्या राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन लष्करी अधिकाऱ्यांसाठी असा खेळ बसवला. पुढे इंग्रज लेखक एच. जी. वेल्स याने १९१३ मध्ये घरातल्या खेळण्यांतल्या शिपायांसाठी नियमांचं पुस्तकच काढलं. परदेशातून येणारे तयार शिपाई आपल्या खिशाला परवडत नाहीत. आम्ही मधल्या मारुतीजवळच्या बाजारातून प्लास्टिकच्या शिपायांची पाकिटं आणली. छत्तीस शिपाई निवडले.

आधी साबणाच्या पाण्याने धुतले, नाहीतर प्लास्टिकच्या तेलकटपणामुळे रंग धरत नाही. ते सगळे आजकालचे, लोखंडी टोपवाले. टोपांवर एम-सीलची बारीक वळी गुंडाळून पगड्या केल्या. मग प्रायमरचा पातळ हात, तो वाळल्यावर अॅक्रिलिक रंग, शून्य नंबरचा ब्रश. शेवटी पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग सोडला. तो कपड्यांच्या चुण्यांत उतरतो आणि चेहरे जिवंत दिसू लागतात. सनमायकाच्या तुकड्यावर फेव्हिकॉल आणि वाळू, त्यावर चार-चार शिपाई. असे नऊ तुकडे, म्हणजे नऊ पलटणी.

रंग निवडताना तो अडला. "गारदी मुसलमान ना? मग हिरवा?" मी त्याला आठवण दिली: १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांना मारणारा सुमेरसिंगही गारदीच होता. गारदी ही जात नव्हे, धर्म नव्हे. पगार घेऊन कवायतीने लढणारा शिपाई. त्यातले काही निष्ठेने मेले, काहींनी धन्यावरच तलवार उपसली. आणि अब्दालीच्या बाजूने आलेल्या शुजाउद्दौलाच्या फौजेत अनुपगिरी गोसाव्याचे नागा गोसावी होते. मुलगा बराच वेळ ब्रश हातात धरून बसला. मग त्याने पांढरे अंगरखे आणि लाल कमरबंद ठरवले. ते रंग आमचे, इतिहासाचे नव्हेत. शत्रूच्या फौजेतही त्याने भगव्या कपड्यांचा एक तुकडा केला.

सासूबाईंनी विचारलं, "घर में ये बुतां कायकू?" प्रश्न रास्त होता. हजरत आयेशा (रजि.) यांच्या बाहुल्यांची आणि पंखवाल्या घोड्याची हकिकत आम्हा दोघींनाही माहीत आहे, तो घोडा पाहून प्रेषित (स.) हसले होते. मी आलिमा नाही, फतवा देत नाही. आमच्या घरापुरतं ठरलं ते असं: हे खेळणं आहे, शोभेला मांडायचं नाही, खेळ झाला की डब्यात.

जानेवारीच्या एका रविवारी "तिकडचा हो" म्हणणारा तो मित्र खेळायला आला. कोण कुठली बाजू घेणार हे फाशावर ठरलं. त्याच्या वाट्याला अब्दाली आला. तो क्षणभर गोंधळला, मग भगवा तुकडा उचलून म्हणाला, "हे पण माझेच?" शिंप्याच्या फितीने इंच मोजत दोघे दुपारभर लढले. गारद्यांचे पाच तुकडे पडले, भाऊसाहेब हरले. माझा मुलगा चिडला, पण नियमांवरून. त्या दुपारी तिकडचा-इकडचा हा वाद कुणाला सुचला नाही.

पालकांना एवढंच सांगेन: मूल असं दुखावून घरी आलं तर त्याच्या हातात काहीतरी काम द्या. एक शिपाई रंगवायचा म्हटलं तरी तो कोण होता, कुणाचा पगार खात होता, कुणासाठी मेला हे शोधावं लागतं. ऐकीव इतिहासात एवढी चौकशी कुणी करत नाही. खर्च आम्हाला साडेतीनशेच्या आत आला.

यंदा गल्लीतल्या मुलांनी किल्ल्यासाठी त्या नऊ पलटणी मागितल्या आहेत. मुलाला काळजी एकच: किल्ल्यावर पाणी शिंपडतात, रंग जाईल का? वॉर्निशचा एक हात दिला की जात नाही, असं मी त्याला सांगितलं आहे.