विश्लेषण : लाल पानांचा पाम सेवाग्रामच्या मे महिन्यात तगेल का?

मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ साधारण एकाच साच्याचे असतात. हिरव्यागार पामच्या शेंड्यातून बंद छत्रीसारखा एक सुळका वर येतो, हळूहळू उलगडतो आणि पूर्ण पान लालभडक निघते. खाली रोप किंवा बी मागवण्याची लिंक असते. सेवाग्रामच्या पत्त्यावरही हे रोप घरपोच येऊ शकते. प्रश्न ते आल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्याचा आहे. पारा ४५ अंशांकडे सरकला की या पाहुण्याचे काय होते, हे त्या व्हिडिओत कधीच दाखवत नाहीत.

हा पाम नेमका कोणता?

‘रेड लीफ पाम’ किंवा ‘फ्लेम थ्रोअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या झाडाचे शास्त्रीय नाव चॅम्बेरोनिया मॅक्रोकार्पा. प्रशांत महासागरातील न्यू कॅलेडोनिया या फ्रेंच बेटांचा तो मूळ रहिवासी. एकोणिसाव्या शतकात तेथील किनाऱ्याची मोजणी करणाऱ्या चॅम्बेरॉन या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याचे नाव त्याला मिळाले. जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत, सतत ओलसर जमिनीत तो वाढतो.

त्याचे नवे पान लाल निघते, पण ते लाल राहत नाही. साधारण आठ-दहा दिवसांत, फार तर दोन-तीन आठवड्यांत ते हिरवे होते. लहान रोप वर्षाला दोन-तीनच पाने काढते. तीन पाने आणि प्रत्येकाचे दहा दिवस धरले, तर वर्षात ३० दिवस लाल आणि उरलेले ३३५ दिवस हा पाम चारचौघांसारखा हिरवा दिसणार. शिवाय बियांपासून आलेले प्रत्येक रोप लाल पान काढेलच याचीही हमी नाही. काहींची पाने जन्मतःच हिरवी असतात.

याच्याशी सर्रास गल्लत होते ती ‘लिपस्टिक पाम’ची. सिर्टोस्टॅकिस रेंडा हा मलेशिया, सुमात्रा, बोर्निओच्या दलदलीतला पाम. त्याची पाने हिरवीच असतात. लाल असतो तो देठ आणि खोडाच्या वरच्या भागाला पानांनी घातलेला गुळगुळीत वेढा. हा लाल रंग मात्र कायमचा. मुळे पाण्यात बुडाली तरी चालणारे हे झाड कोरडी हवा अजिबात सोसत नाही.

तिसरा घोळ रोपवाटिकांमधला. ‘रेड पाम’ म्हणून हातात पडणारे झाड बऱ्याचदा कॉर्डिलाइन किंवा ड्रॅसिना असते. ती सुंदर आहेत, वर्ध्याच्या व्हरांड्यात थोड्या काळजीने जगतातही, पण ती पाम नव्हेत. त्यांचे कूळ शतावरीचे. ओळखण्याची साधी खूण आहे. पामचे पान घडी घातलेल्या सुळक्यासारखे बाहेर येते आणि उलगडताना त्याच्या पट्ट्या सुट्या होतात. कॉर्डिलाइनचे पान शेवटपर्यंत अखंड राहते.

नवे पान लाल का असते?

विदर्भातल्या माणसाला हा रंग नवा नाही. त्यासाठी आपल्याकडे चैत्रपालवी असा स्वतंत्र शब्दच आहे. आंब्याची कोवळी पाने तांबूस, पिंपळाची गुलाबी, मोहाची तांबडी आणि कुसुमाची तर इतकी लाल की मार्चमध्ये दुरून झाड फुलल्यासारखे वाटते. या सगळ्यांमागे आणि त्या बेटावरच्या पाममागे एकच रंगद्रव्य आहे : अँथोसायनिन.

कोवळ्या पानात हरितद्रव्याची यंत्रणा अजून उभी राहिलेली नसते. अशा वेळी प्रखर प्रकाश पडला तर पेशींना इजा होते. अँथोसायनिन त्यातला काही प्रकाश शोषून घेऊन पडद्याचे काम करते, असा एक सिद्धांत. दुसरा सिद्धांत किड्यांचा. कोवळे पान मऊ आणि पौष्टिक असल्याने त्यावर अळ्यांचा डोळा असतो. म्हणून काही झाडे पान पूर्ण वाढून जाड होईपर्यंत त्यात हरितद्रव्य आणि नत्र भरतच नाहीत. खाल्ले गेलेच तर नुकसान कमी. पनामाच्या जंगलांत काम करणाऱ्या टॉमस कुर्सार आणि फिलिस कोली यांनी १९९२ मध्ये ही ‘उशिरा हिरवे होण्या’ची मांडणी केली. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात. कुठल्या झाडात कोणते कारण मोठे, यावर वाद सुरूच आहे.

म्हणजे लाल पान ही झाडाची सर्वात नाजूक अवस्था. ज्या पानासाठी रोप विकत घेतले जाते, तेच पान उन्हात सगळ्यात आधी करपते.

अडचण उन्हाची की हवेची?

बहुतेक घरांत उपाय म्हणून हिरवी जाळी बांधली जाते आणि पाणी दुप्पट केले जाते. दोन्हीने थोडा फरक पडतो, पण मूळ दुखणे वेगळे आहे. हवा पानातून किती जोराने पाणी ओढते, याला बाष्पदाबाची तूट म्हणतात. २६ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर ही तूट सुमारे ०.८ किलोपास्कल येते. ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता धरली, तर तीच ८ किलोपास्कलच्या वर जाते. बेटावरच्या सावलीत हवेला जेवढी तहान असते, त्याच्या जवळपास दहापट तहान मे महिन्यातल्या दुपारी.

इतकी ओढ असेल तर कुंडीत पाणी असूनही मुळे ते पुरेशा वेगाने वर पोचवू शकत नाहीत. झाड पानांवरची सूक्ष्म छिद्रे बंद करते, घामाने मिळणारा गारवा थांबतो, पान तापते आणि कडा तपकिरी होतात. ते पाहून आणखी पाणी ओतले की मुळे कुजतात. अनेक महागडे पाम तहानेने मरत नाहीत, या काळजीने मरतात.

गंमत म्हणजे थंडीचा प्रश्नच नाही. चॅम्बेरोनिया हलकी थंडी सोसतो; वर्ध्याचा जानेवारी त्याला बाधणार नाही. लिपस्टिक पामला मात्र तोही जड जातो.

वर्ध्याच्या मातीचीही एक अडचण आहे. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरते, उन्हाळ्यात भेगाळते आणि ओढताणीत कोवळी मुळे तुटतात. चुनखडीमुळे ती अल्कधर्मी असते, त्यामुळे लोह आणि मँगनीज जमिनीत असूनही झाडाला मिळत नाही. मँगनीज कमी पडले की पामची नवी पाने आखूड, चुरगळलेली निघतात. अंगणात लावायचेच असेल तर आधी माती तपासून घेणे स्वस्त पडते. सेलसुरा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे.

मग लावायचाच नाही का?

लावावा, पण हौसेचा हिशेब मांडून. सेवाग्रामात हा हिशेब थोडा जास्त काटेकोरपणे मांडला गेला तर बिघडत नाही. महात्मा गांधी १९३६ मध्ये येथे राहायला आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बुलढाण्याच्या शेगावशी गोंधळ होऊन टपाल चुकू लागले म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. आश्रमातल्या कुट्या माती, बांबू, कवेलू अशा जवळपास मिळणाऱ्या साहित्यातून उभ्या राहिल्या. बापू कुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेन यांनी उठावात झाडे घडवली, ती पामचीच. वर्ध्यातील मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ताड-शिंदीच्या नीऱ्यापासून गूळ करण्याचा प्रसार केला. गजानन नाईक यांनी त्या कामाला वाहून घेतले होते.

थोडक्यात, या मातीचा स्वतःचा पाम आहे : शिंदी. ओढ्याच्या काठाला, बांधावर कुणी पाणी न घालता उभा. त्याच्या पानांच्या चटया आणि फडे होतात. १९७४ पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात ‘शिंदी’ म्हटले की झाडाआधी बाटली आठवते, हे या झाडाचे दुर्दैव. पाने लाल नसली तरी फळांचे नारिंगी घोस भरपूर रंग आणतात. एक खरे की, पानांच्या बुडाशी अणकुचीदार काटे असतात, त्यामुळे लहान मुले खेळतात त्या कोपऱ्यात तो नको.

पाम लालसरच हवा असा आग्रह असेल तर रेड लॅटन हा तुलनेने समजूतदार पर्याय आहे. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावरचा हा पंख्याच्या पानांचा पाम ऊन आणि कोरडी हवा बरीच सोसतो. लहानपणी त्याचे देठ आणि पानांच्या कडा लाल असतात, वयानुसार हा रंग ओसरतो. पाणी साचणार नाही एवढी काळजी मात्र घ्यावी लागते. आणि पामचा हट्ट नसेल तर जांभळाच्या कुळातील, रोपवाटिकेत सायझिजियम म्हणून मिळणारे कुंपणाचे झाड छाटणी केली की प्रत्येक वेळी लाल पालवी देते. वर्षातल्या ३० दिवसांच्या तुलनेत हा सौदा वाईट नाही.

चॅम्बेरोनियाच हवा असेल तर तो कुंडीत ठेवावा आणि जागा पूर्वेची निवडावी. सकाळचे कोवळे ऊन मिळेल, दुपारी भिंतीची सावली. मातीत पालापाचोळ्याचे खत, कोकोपीट आणि जाड वाळू असावी. वरून पाल्याचे आच्छादन. मार्च ते जून कुंडीभोवती ओले गोणपाट गुंडाळावे आणि इतर झाडांच्या घोळक्यात तिला बसवावे, कारण झाडे एकत्र असली की त्यांच्यामधली हवा थोडी दमट राहते.

कूलरचा विषय इथे येतोच. कूलरच्या गार, दमट झोतापासून थोड्या अंतरावर कुंडी ठेवणे उपयोगी ठरते. पण कूलरच्या टाकीतले शिल्लक पाणी झाडाला घालू नये. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. बोअरवेलचे पाणी आधीच जड असेल तर हंगामाच्या शेवटी टाकीत क्षारांचे द्रावणच उरते. आरओ यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्याचेही तसेच. पाणी वाचवण्याचा हेतू चांगला, पण ते फरशी धुवायला वापरावे. कुंडीसाठी पावसाचे साठवलेले पाणी सर्वोत्तम.

खरेदी करताना काय पाहावे?

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘दुर्मीळ लाल पाम’च्या कोरड्या बियांच्या पाकिटांपासून लांब राहावे. पावसाळी जंगलांतल्या पामच्या बिया सुकल्या की लवकर निर्जीव होतात. ताजी बी रुजायलाही महिने लागतात. परदेशातून थेट बी मागवणे तर कायद्यातही बसत नाही. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार त्यासाठी आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. न मागवता घरी येणाऱ्या बियांच्या पाकिटांबाबत केंद्रीय कृषी मंत्रालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सावध केले होते.

भलतेच रोप आले तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्री मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिनाभरात निवारण देणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. अडचण अशी की, पान लाल निघते की नाही हे कळायलाच काही महिने जातात. त्यामुळे किमान एक लाल पान काढून झालेले, प्रत्यक्ष पाहिलेले रोप घेणेच बरे.

आणखी एक गोष्ट ग्राहक पाहत नाहीत, ती म्हणजे शेंडा. पामला फांद्या नसतात, वाढीचा कोंब एकच. तो मेला की बहुतेक पामचे खोड संपले. सोंड्या भुंग्याची अळी नेमकी त्या दिशेने खोड पोखरते. दक्षिण आशियातला हा किडा गेल्या चार दशकांत पश्चिम आशिया आणि भूमध्य सागराच्या काठापर्यंत पसरला तो मुख्यतः शोभेच्या पामांच्या वाहतुकीतून. खोडावर भोके, तपकिरी चिकट स्राव किंवा चघळलेला भुसा दिसला तर रोप कितीही स्वस्त असो, घरी आणू नये. नुकसान त्या एका कुंडीपुरते राहत नाही. बांधावरची शिंदी आणि शेजारचा नारळही या भुंग्याला चालतात.

रोपवाटिकांमधला बराच माल आंध्र प्रदेशातील कडियमसारख्या दमट पट्ट्यात वाढवलेला असतो. तिथून निघालेले रोप एप्रिलमध्ये वर्ध्यात उतरवले तर पहिल्या आठवड्यातच त्याची पाने जळतात. तेच रोप पाऊस स्थिरावल्यावर, जुलैच्या सुमारास आणले तर पुढच्या उन्हाळ्याआधी मुळे धरायला त्याला आठ-नऊ महिने मिळतात.