पारपत्र आणि पात्रता
दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या उमेदवाराकडे पदवीची साक्षांकित नक्कल आणि पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागितला जातो, हे सर्वस्वी रास्तच; परंतु अमेरिका, इंग्लंड, आयर्लंड आदी अवघ्या ७ देशांच्या नागरिकांना जो शिक्षकी परवाना सरसकट खुला आहे, तोच, शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन वर्षानुवर्षे इंग्रजी व्याकरण शिकविलेल्या आपल्या शिक्षिकेला मात्र २०१० साली अमलात आलेल्या भारत-कोरिया करारातील सवलतीने, तोही साहाय्यकाच्या पदापुरता मिळावा, याचा मला मनःपूर्वक विषाद वाटतो. इंग्रजीतील उपपदे मराठीत नाहीत, तशी कोरियन भाषेतही नाहीत. ती परिश्रमपूर्वक आत्मसात केलेल्या शिक्षिकेला सेऊलमधील मुलाची लेखणी वाक्यात नेमकी कोठे थबकेल, हे स्वानुभवाने ठाऊक असते, आणि नेमणुकीच्या वेळी पारपत्राच्या रंगाआधी या जाणतेपणाची चौकशी व्हावयास हवी.