शनिवार तेल्यांची शिकवणी

आपलीच गोष्ट आपण विसरलो आणि पुन्हा पहिल्यापासून शिकायला बसलो, असं कधी होतं का? आपल्या कोकणात झालंय!

अलिबागजवळच्या नवगावला फार वर्षांपूर्वी एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, असं बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. हे यहुदी. ते गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले, मराठी बोलू लागले, पेणकर, रोहेकर झाले. शनिवारी मात्र घाणा बंद! म्हणून नाव पडलं शनिवार तेली.

पोथ्या नाहीत, हिब्रू भाषा विसरलेली. उरलं काय? शनिवारची सुट्टी, मुलग्याची आठव्या दिवशी सुंता, खाण्याचे नियम आणि देव एकच आहे असं सांगणारी ‘शेमा’ ही छोटी प्रार्थना. कुठलंही कार्य असो, हीच म्हणायची.

पुढे दाविद राहबी नावाचे यहुदी गृहस्थ आले. हे खरंच आपले का, अशी त्यांना शंका. त्यांनी म्हणे बायकांना मासे रांधायला दिले. बायकांनी पर आणि खवले असलेले तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. यहुद्यांचा नियम नेमका हाच! राहबींनी मग तिघांना निवडून धर्म शिकवला. (परीक्षा स्वयंपाकघरात झाली बरं का. पास कोण झालं ते आलं ना लक्षात?)

शिकवणी चालूच राहिली. १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. कोचीनहून शिक्षक आले. जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा, पण यांनी हिब्रू घेतली आणि यहुदीच राहिले! १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडण सणाची ‘हग्गादा’ ही पोथी हिब्रू-मराठीत निघाली. आईबाबा, या सणाला घरातल्या धाकट्याने चार प्रश्न विचारायचेच असतात. ‘गप्प बस’ म्हणायची सोय नाही.

१९४८ नंतर बरेचजण इस्राएलला गेले. तिथे काही धर्मगुरू म्हणाले, तुम्ही पक्के यहुदी कशावरून? केवढं लागलं असेल! त्यांनी धरणं धरलं. शेवटी १९६४ साली तिथल्या संसदेने सांगितलं, हे आपल्यासारखेच यहुदी.

तिकडच्या घरांत शुभकार्याला मलिदा अजूनही होतो. एलियाहू पैगंबराच्या नावाने गोड पोहे, वर ओलं खोबरं, सोबत फळं. हा मात्र कोकणातला.