शेवटचे कडवे होऊ द्या!

कोणी म्हणेल, "दिवाळीच्या फराळात हे कारले कशाला?" पण तोंड गोड असतानाच कडू बोलून घ्यावे, असे माझे मत आहे. आमच्या आखाडा बाळापुरात जयंती असो की गणपती, मांडववाल्याचा आणि लाऊडस्पीकरवाल्याचा हिशेब ठरल्याप्रमाणे चुकता होतो. स्वतः गीत रचून, स्वतः चाल लावून गाणाऱ्या गावच्या गायन पार्टीला मात्र शाल आणि श्रीफळ! श्रीफळाने पेटीचा भाता शिवला जात नाही, की ढोलकीची पुडी बदलत नाही.

"घरचीच माणसे, त्यांना पैसे कसले?" हा ठरलेला जबाब. अहो, गावचा किराणावालाही घरचाच; त्याला गुळाबद्दल आपण नारळ देतो काय?

याहून मोठा अन्याय पुढेच आहे. वेळ संपली म्हणून निवेदक शेवटचे कडवे कापतो, आणि कवीचे नाव असते नेमके तिथेच! आपल्याच जिल्ह्यातील नरसीच्या नामदेवांनी अभंगाच्या अखेरीस 'नामा' ही मुद्रा ठेवली; वामनदादा कर्डकांनी (१९२२–२००४) गीतांत 'वामन' ठेवली. म्हणूनच ती रचना कोणाची, हे अडाण्यालाही कळते. आमच्या कवींची गीते छापली जात नाहीत. ती ऐकूनच पसरतात. मुद्रा गळाली की गीत पोरके झाले.

तेव्हा मागणे तीनच: पत्रिकेवर कवीचे नाव छापा, बिदागी आधी ठरवा, शेवटचे कडवे होऊ द्या. एवढे जमत नसेल, तर ती शाल आपल्याच खांद्यावर राहू द्या.